डावीकडचं शिखर

आलेखात पुन्हा दोन शिखरं उमटली. मोठं जागेवर होतं. त्याच्या डावीकडे लहान.

अंजूनं मशीन थांबवलं. साध्या बोरिक पावडरीत बोरॉनचे अणू दोन प्रकारचे असतात. पाचांत चार जड, एक हलका. हलका जास्त वेगानं थरथरतो, म्हणून त्याचं शिखर डावीकडे वेगळं उभं राहतं. पण तिची पावडर साधी नव्हती. परदेशातून मागवलेल्या त्या बाटलीत फक्त जड अणू होते. पहिल्या तपासणीत शिखर एकच आलं होतं. महिनाभरापासून दोन येत होती.

बाटली विभागप्रमुख राजकुमार सरांच्या कपाटात, कुलपात असे. त्यामुळे संशयाला जागा उरली ती अंजूच्या हातांची. ती कारध्याची, मासेमारांच्या घरची.

"मासोळ्या साफ करून येतं तू घरून," सर म्हणाले होते. "हात बरोबर धूत जाय."

ती कोपरापर्यंत हात धुऊ लागली. लहान शिखर हललं नाही. शेवटी सरांनी सांगितलं, नमुना तुझ्या हातून बिघडला असं लिहून दे आणि प्रबंधाचा विषय सोड.

दुपारी ती स्टाफरूममध्ये गेली. कॅरमचा डाव रंगला होता.

"सर, लिहून देते."

"थांब न पोरी, राणी तं घेऊ दे."

राणी सरळ भोकात गेली. समोरचे धर्मेंद्र सर चिडले. "काय टाकलं हो बोर्डावर? सोंगट्या बर्फावानी घसरून राहिल्या!"

"मंग? त्या बाजारच्या डब्यानं काय होते?" राजकुमार सर हसले. "तो लावला दुसऱ्या कामाले. बोरिक ते बोरिक."

अंजूचा हात बोर्डाच्या कडेवर टेकलेला होता. तिनं तळवा उलटून पाहिला. पांढरा झाला होता.

"काहून थांबली? लिहून देतो म्हणे न?"

"देते सर. एक आलेख राहिला."

मूठ मिटून ती प्रयोगशाळेत आली. आज हात धुतले नाहीत. तळव्यावरची पावडर हलकेच मशीनवर झटकली.

मोठं शिखर जागेवर आलं. डावीकडे रेघ सपाट गेली.

तिनं आलेखाखाली तारीख घातली, सही केली. मग नमुना कुठून घेतला ते लिहिलं: स्टाफरूम, कॅरम बोर्ड.