गोधडी उन्हात असताना

दुखण्यातून उठल्यापासून कुमुदच्या आईला उंच सूर सुईसारखे टोचत. कर्जतच्या त्या लहानशा खोलीत रेकॉर्ड लावली, की सिमेंटच्या कोऱ्या भिंतीवरून ते अधिकच तिखट होऊन परतत. गाणी बंद झाली, तसं आईचं बोलणंही आटलं.

उंच सूर जाड कापडात जिरतात, हे कुमुद शाळेत शिकवायची. शेजारच्या चंद्राबाईंनी गोधडी आणून दिली.

"माज्या सासूच्या लुगड्यांची हाय गं. जिती होती तवर म्हातारीनं घरात कुनाचा आवाज चढू दिला नाय!"

गोधडी भिंतीवर टांगली आणि सूर निवले. आई पुन्हा गुणगुणू लागली. कुमुदला चंद्राबाईंचे आभार कसे मानावेत तेच कळेना.

रविवारी तिने गोधडी अंगणात उन्हात घातली. आत आईने रेकॉर्ड लावल्याचं ऐकून ती धावली.

सूर मऊच होते. कुमुदने टाळी वाजवून पाहिली. कोऱ्या भिंतीवरून टाळीही परतली नाही.

आईने त्या भिंतीला हात जोडले.

"फार उपकार झाले, बाई. किती वेळ उभ्या राहाल? बसा आता."

एरवी कुरकुरणाऱ्या वेताच्या खुर्चीची बैठक आवाज न करता खाली दबली.