चार आकडे

"काकू, राउटर बंद करून चालू करा," पाचव्या दिवशीही फोनवर इंटरनेट कंपनीचा माणूस तेच म्हणाला. हेमलताबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. अर्धांगवायूने वाचा गेलेल्या त्यांच्या नवऱ्याला बोलायला शिकवणारी बाई रोज अकराला लॅपटॉपवर यायची. महिनाभर राबून ते एक ते दहा म्हणायला लागले होते. पाच दिवस शिकवणी बुडाली आणि आकडे पुन्हा घशातच अडकले.

"आज आला नाहीस, तर राउटर घेऊन तुझ्या ऑफिसात येऊन बसेन."

दुपारी तो आला, त्याने तपासलं आणि ओशाळला. नवा राउटर त्यानेच बसवला होता, पण त्याचा नंबर कंपनीत नोंदवायला विसरला होता. राउटर पाच दिवस कंपनीकडे इंटरनेटवरचा पत्ता मागत होता आणि कंपनी त्याला परका समजून हाकलत होती.

हिरवा दिवा लागला. "काकू, तक्रार बंद करायला तुमच्या मोबाइलवर चार आकड्यांचा कोड आलाय. तेवढा सांगा."

हेमलताबाईंनी मोबाइल नवऱ्यासमोर धरला आणि पायाने खुर्ची त्या माणसाकडे सरकवली.

"बस. कोड हे सांगतील."