दुसरं टोक

पगडीच्या लांब कापडाचं एक टोक खिडकीच्या गजाला बांधून वडिलांनी दुसरं ओढलं. गाठ पुन्हा सुटली. कापड दोघांनी ताणून धरल्याशिवाय घड्या सरळ पडत नाहीत, आणि रोज सकाळी ते टोक त्यांचा मुलगा तेजपाल धरायचा.

गुरूंच्या शिकवणीप्रमाणे वागलेल्यांचा आज गुरुद्वाऱ्यात सन्मान होता. पहिलं नाव तेजपालचं. गोदावरीच्या पुरात एका अनोळखी माणसाला काठावर ढकलून तो स्वतः वाहून गेला होता. सिरोपा, म्हणजे सन्मानाचं वस्त्र, त्याच्या वतीनं वडिलांनी घ्यायचा होता.

"मी येत नाही," भिंतीकडे तोंड करून बसलेली त्याची आई म्हणाली. "सगळे म्हणतील, धन्य ती आई. मला नाही धन्य व्हायचं."

"निदान हे टोक तरी धर."

ती हलली नाही.

दार वाजलं. बाहेर तेजपालनं वाचवलेला माणूस उभा होता. "काका, तुम्हाला न्यायला आलोय."

वडिलांना त्याच्याकडे बघवेना. त्याची छाती श्वासाबरोबर वरखाली होत होती. त्याच्या तोंडावर दार लावून घ्यावं, असं त्यांना वाटलं. पण मुलाचा मान घ्यायला पगडीशिवाय कसं जायचं?

त्यांनी कापडाचं टोक त्याच्या हातात दिलं. "मागे सरक. ताण."

ताणताना टोक त्याच्या हातातून निसटून जमिनीवर पडलं. त्यानं ते उचलून कपाळाला लावलं. "मला जमत नाही, काका."

"त्यालाही आधी जमत नव्हतं," वडील म्हणाले. "घट्ट धर. सोडू नकोस."

तो माणूस रडू लागला, पण टोक त्यानं सोडलं नाही.