देवरीचा थांबा

हणमंत विट्यातल्या घराच्या मागच्या खोलीत खुर्चीवर बसून ट्रक चालवत होता. ट्रक मात्र नागपूरच्या पुढे धावत होता. घरूनच गाडी हाकायची सोय होऊन वर्ष झालं होतं. कामावर असताना घरच्यांनी बोलायचं नाही, हा कंपनीचा नियम. काम संपलं की तो मुकाट जेवून झोपायचा.

चार वाजता ट्रक देवरीला चार्जिंगला लागला. हणमंतनं रस्ता दाखवणारा डोळ्यांवरचा चष्मा काढला आणि रस्त्यावरच्या वीस वर्षांच्या सवयीनं, थांबा आला म्हणून, बायकोला फोन लावला. तो स्वयंपाकघरात वाजला. चूक कळून तो बंद करणार, तोवर शालननं उचलला.

"कुठवर आलाय?" भिंतीपलीकडून तिनं विचारलं.

"देवरीला थांबलोय."

"जेवलात?"

दुपारचं ताट तिनंच आणून ठेवलं होतं. "जेवलो. आमटीत मीठ कमी होतं."

"मग ढाबेवाल्याला सांगायचं की."

तो हसला. मग ती बोलतच राहिली. आत्याबाईंचा गुडघा, शेजारच्यांची नवी म्हैस, वर्षभराचं सगळं.

शेवटी तो म्हणाला, "अरुणाचलचं काम आलंय. घाटात रेंज नसते, म्हणून गाडीत बसूनच जायचं. महिना-महिना बाहेर. फोन फक्त मुक्कामावरून. आज कळवायचंय. मी नाही म्हणणार होतो."



"हो म्हणा. वर्षभर घरात आहात, आणि मला रोज तुमची आठवण येते."

"बरं, हो कळवतो," तो म्हणाला.

"डबा देते बरोबर," ती म्हणाली. "मीठ बघून घालते."