तिकिटावरचं केळफूल

"नाताळाला शोभेल असंच तिकीट आणा. चांदणी नाहीतर घंटा," असं रेजिनाने नवऱ्याला, इनासला, चारदा बजावलं होतं. पण वसईच्या पोस्टात चांदणीची तिकिटं संपत आली होती. इनासची शुभेच्छापत्रांची अकरा पाकिटं झाली आणि बारावं उरलं. नेमकं कॅनडातल्या मुलाचं, नेल्सनचं.

काउंटरवरच्या बाईंनी दुसरी तिकिटं पुढे सरकवली. त्यावर केळीचा घड होता. जन्मभर केळीची वाडी केलेल्या इनासने चष्मा सावरून पाहिलं आणि तो चिडलाच.

"आठ फण्या धरल्यात, तरी केळफूल तसंच लोंबतंय! कापायला नको? घड पोसणार कसा?"

"काका, चित्र आहे ते," बाई हसल्या.

तरी त्याने तेच घेतलं, स्वतः चिकटवलं. "वाडीत राबायला मी काय गडी आहे?" असं बोलून गेलेला हा मुलगा तीन वर्षं फक्त आईशीच बोलत होता.

"केळी? नाताळाला?" घरी रेजिनाने कपाळावर हात मारला.

नाताळच्या सकाळी मिस्सा आटोपून ती दोघं घरी आली, तोच फोन वाजला. रेजिनाने उचलला, क्षणभर ऐकलं आणि गोंधळून इनासपुढे धरला. "तुम्हाला मागतोय."

पलीकडे नेल्सन जरा घुटमळला. मग म्हणाला, "पप्पा, त्या तिकिटावरच्या घडाचं केळफूल कुणी कापलंच नाही हो!"

"तेच तर मी त्या बाईंना सांगत होतो!" म्हणत इनासने खुर्ची ओढली आणि ऐसपैस बसला.