चांदणीवाला शब्द

लाँड्रीवाल्याने कुत्र्याला हाक मारली आणि चांदणीसरांच्या हातातले इस्त्रीचे सदरे रस्त्यावर पडले.

हाक म्हणजे एकच शब्द. मराठीत तो नीटसा लिहिता येत नाही. घसा खाकरायला घ्यावा आणि मध्येच विचार बदलावा, असा काहीसा उच्चार. कुत्रा शेपूट हलवत आला. सर मात्र जागच्या जागी खिळले. कारण तो शब्द त्यांनी स्वतः तयार केला होता.

अरबी, हिब्रू, सोमाली, हौसा, प्राचीन इजिप्ती अशा भाषांचं एक भलंथोरलं कुटुंब आहे. त्याला आफ्रो-आशियाई म्हणतात. हे सगळे भाऊबंद हजारो वर्षांपूर्वी एका चुलीवर जेवत होते तेव्हा कोणत्या जनावराला काय म्हणत, हे शोधण्यात सरांचं आयुष्य गेलं. आज भाऊबंद पांगलेत. पण त्यांचे शब्द शेजारी शेजारी बसवायचे, नाकडोळे ताडून बघायचे आणि त्यावरून खापरपणजोबांचा चेहरा काढायचा, ही त्यातली विद्या. असा अंदाजाने काढलेला शब्द छापताना त्याच्या आधी एक चांदणी देतात. चांदणीचा अर्थ, हा शब्द कोणाच्याही ऐकिवात नाही. सरांचा प्राणिकोश अशा चांदण्यांनी इतका लखलखत होता की लोकांनी त्यांचंच नाव चांदणीसर पाडलं. कोशाचे संपादक तर तोंडावर म्हणायचे, “तुमचं कुत्रं कागदावर देखणं आहे हो. पण भुंकलेलं कोणी ऐकलंय का?”

कुत्र्याचं पान आज छापायला जायचं होतं. आणि तोच शब्द भर दुपारी लाँड्रीपुढे पाव खात उभा होता.

सरांनी लाँड्रीवाल्याला धरलं. मूळ गाव कोणतं, आजोबा काय करायचे, घराण्यात कोणी दर्यावर्दी होतं का, उंटांचा व्यापार कोणी केला होता का. लाँड्रीवाला आधी घाबरला, मग लाजला.

“सर, स्थळ बघताय का?” तो म्हणाला. “मुलीला अजून शिकायचंय.”

कुत्र्याचं नाव त्याने बेकरीवाल्याकडून उचललं होतं. सर सदरे तिथेच टाकून बेकरीकडे निघाले. बेकरीवाल्याने शब्द म्हणून दाखवला, तेव्हा त्यात घसा जरा जास्त होता. सरांनी कान टवकारले. शब्द घरापासून लांब गेला की झिजतो, हे त्यांनी वर्षानुवर्षं शिकवलं होतं. म्हणजे आपण उगमाकडे चाललो आहोत. पण हजारो वर्षांच्या नदीचा उगम बेकरीच्या पलीकडे कसा असेल? कोणे काळी एखादी टोळी वाट चुकून इकडे आली असेल का? आणि आली तर खारी-बिस्किटं विकणाऱ्यालाच शब्द देऊन का गेली असेल? बेकरीवाल्याने, हे सगळं मोठ्यांदा चाललंय हे बघून, त्यांना पाण्याचा ग्लास दिला. नाव आपल्याला त्या समोरच्या वॉचमनने सांगितलं, असंही सांगितलं.

समोरची इमारत सरांचीच होती.

वॉचमनचा उच्चार जवळजवळ निर्दोष निघाला. सर त्याच्या स्टुलावर बसले. रोज सलाम घेत होतो तो या माणसाचा! त्यांनी त्यालाही मूळ गाव विचारलं. वॉचमन म्हणाला, गावाचं जाऊ द्या, दुपारी मागच्या जिन्यावरून कोणीतरी ही हाक मारतं, ती ऐकून मीही मारतो. कोण मारतं? ते त्याला ठाऊक नव्हतं. “त्या बाजूला आपण वर बघत नाही, सर. कधीकधी खरकटं पाणी येतं.”

मागचा जिना आहे हे सरांना माहीत होतं. तो वापरात आहे, हे नव्हतं. ते एकेक मजला चढत गेले. डोक्यात टोळ्या, वाळवंट, उंट, बेकरी, सगळ्याचं कडबोळं झालेलं. वरच्या एका दाराशी दूध-पोळीचं भांडं होतं. सरांनी श्वास घेतला, केस सारखे केले आणि अदबीने कडी वाजवली.

दार उघडणाऱ्या बाई ओळखीच्या वाटल्या. पत्नी होती.

“पुढचं दारही आपलंच आहे हो,” ती म्हणाली.

सर सुचेल ते विचारू लागले. हा शब्द तुला कुठे मिळाला? तुझ्या आजोळी कोणी बोलायचं का? तुमचं मूळ गाव कोणतं?

“ते लग्नाआधी विचारायचं असतं,” पत्नी म्हणाली. “अहो, पिल्लू जिन्यात आलं, तेव्हा तुमच्या टेबलाशी येऊन विचारलं होतं, याचं नाव काय ठेवू? तुम्ही भिंतीकडे बघत तो शब्द म्हणालात. मला वाटलं, चला, एवढ्या वर्षांत एका प्रश्नाचं तरी उत्तर मिळालं.”

सर उंबऱ्यावरच बसले. खाली कुत्रा भुंकला. वाळवंटातून निघालेली टोळी अखेर त्यांच्याच स्वयंपाकघरात येऊन पोचली होती.

आत फोन वाजला. संपादक होते. कुत्र्यावरची चांदणी ठेवायची की काढायची, एवढंच त्यांना हवं होतं. काढा म्हणायला सरांकडे तीन धडधाकट साक्षीदार होते. लाँड्री, बेकरी, वॉचमन. मूळ गाव कोण विचारतंय? त्यांनी दाराकडे पाहिलं. पत्नी वाकून भांड्यात दूध घालत होती.

“राहू द्या चांदणी,” सर म्हणाले. “फक्त खाली टीप टाका. एका घरात ऐकिवात आहे.”

संपादक कोणाच्या घरात असं विचारेपर्यंत फोन खाली गेला होता. सर मागच्या दाराशी आले, पत्नीशेजारी पायरीवर बसले आणि म्हणाले, “आणखी काय काय विचारलं होतंस?”