जाड दांडीचा माउथपीस

नेत्याची वाट पाहणं हे लोकशाहीतलं सर्वोच्च तप आहे. चांदूर रेल्वेच्या मैदानावर ते सकाळपासून चालू होतं आणि तपस्व्यांपैकी दोन नवऱ्या एव्हाना भोवळ येऊन पडल्या होत्या.

त्या वर्षी वऱ्हाडात सरकारी मदतीसारखी लग्नंही पॅकेजमध्ये निघाली होती. कापसाने बापांचा दम काढला, म्हणून भाऊसाहेबांनी सामुदायिक विवाह मेळावा ठेवला. एकच मांडव, एकच बँड, एकच भाजी. बौद्ध जोडप्यांची वंदना झाली होती. बाकीच्यांची मंगलाष्टकंही उरकली होती, शेवटचं कडवं तेवढं भाऊसाहेबांसाठी राखून ठेवलं होतं. ते येणार, त्यांना बँडची सलामी होणार, त्यांचं भाषण होणार, मग पुन्हा बँड वाजणार आणि अक्षता पडणार. तोवर जोडपी हार हातात धरून उन्हात उभी.

त्यांतलीच एक माया. तिचा बाप देवमन त्याच बँडमध्ये युफोनियम वाजवत होता. युफोनियम म्हणजे बँडमधलं ते पोट सुटलेलं पितळी वाद्य. मायाचे ओठ पांढरे पडलेले त्याला जागेवरून दिसत होते. त्याने बँडच्या मालकाला, नत्थुजीला, सांगून पाहिलं की आता वाजवून टाकू, पोरी मोकळ्या होऊ द्या. नत्थुजी म्हणाला, पहिली सलामी भाऊसाहेबांची. बँड त्यांनी ठरवलाय, पोरींनी नाही.

देवमनने युफोनियमचा माउथपीस काढला आणि शर्टाच्या खिशात घातला.

"बाजा तुमचा हाय, नत्थुजी. तोंड माहं हाय."

बँडमध्ये रीतच तशी. वाद्यं मालकाची, पण दुसऱ्याच्या थुंकीत तोंड कोण घालणार, म्हणून माउथपीस ज्याचा त्याचा. देवमनचं पाहून ट्रंपेटवाल्या वाहेदने आपला खिशात घातला, मग बाकीच्यांनी. ढोलवाल्याकडे काढण्यासारखं काही नव्हतं. त्याने नुसताच खिशात हात घातला.

नत्थुजी मात्र दूरदृष्टीचा माणूस. अशाच प्रसंगासाठी त्याने अकोल्याच्या जठारपेठेतून जास्तीचे माउथपीस आणून ठेवले होते. सगळे ट्रंपेटचे, कारण ते स्वस्त. ट्रंपेटच्या माउथपीसची दांडी बारीक असते आणि युफोनियमचं भोक मोठं, एवढाच काय तो अडथळा. नत्थुजीला वाजवता यायचं ते युफोनियमच, म्हणून तेच त्याने स्वतः कवेत घेतलं. माउथपीस भोकात सोडला, तर तो आत घसरून डुगडुगायला लागला. मग त्याने पेपरातली भाऊसाहेबांच्या वाढदिवसाची जाहिरात फाडली आणि दांडीला गुंडाळली.

वाहेद शांतपणे बघत होता. "विहिरीले बाटलीचं बूच लावून राहिले तुमी," तो म्हणाला.

तेवढ्यात गाड्या आल्या. नत्थुजीने सगळा जीव एकवटून फुंकलं. जो आवाज निघाला तो चारचौघांत काढायचा नव्हता. पहिल्या रांगेतल्या बायकांनी पदर तोंडाला लावले.

भाऊसाहेब कच्चे नव्हते. गप्प उभ्या असलेल्या बँडकडे त्यांनी एकदा पाहिलं, माईक हातात घेतला आणि भरल्या गळ्याने सांगितलं की माझा शेतकरी संकटात असताना मी वाजतगाजत कसा येऊ? बँड वाजवू नका, असं मीच बजावलं होतं. टाळ्या पडल्या. भाषण सिंचनाकडे वळलं. आमच्याकडे सिंचनाचं भाषण पाण्यापेक्षा बरंच लांब पोचतं.

देवमन पुढे झाला. त्याने नत्थुजीच्या कवेतून युफोनियम सोडवलं, आतला माउथपीस उपसून मालकाच्या तळहातावर ठेवला, ओला कागद बोटाने कोरून काढला. मग खिशातला आपला जाड दांडीचा माउथपीस घालून जरासा पिळला. तो बसला.

"अबे, भाषन सुरू हाय," नत्थुजी पुटपुटला.

"पोरगी उभी हाय," देवमन म्हणाला, आणि त्याने फुंकलं.

वऱ्हाडातलं लग्न मंत्रांनी लागत नाही. मंत्र मांडवात कोणाला ऐकूच जात नाहीत. बँड वाजला की लग्न लागलं, हे लोकांच्या हातांना ठाऊक असतं. युफोनियमचा पहिला जाड सूर निघाला, वाहेदचं ट्रंपेट त्यावर चढलं, आणि अख्ख्या मैदानाचे हात एकदम उठले. अक्षता उडाल्या, फुलं उडाली, मूठभर भाऊसाहेबांच्या डोक्यावरही पडली. भटजींनी राखलेलं कडवं गिळून नुसतं 'सावधान' म्हटलं, तेही उशिरा. मायाने नवऱ्याच्या गळ्यात हार घातला आणि सरळ सावलीत जाऊन बसली. लोक पंगतीकडे पळाले. नत्थुजी सगळ्यांच्या पुढे.

भाऊसाहेबांनी भाषण पूर्ण केलं. माईकवाला शेवटपर्यंत समोर बसून होता. वायर त्याची होती.